पोत्सुओलीच्या जमिनीखाली : भूकंपलहरींच्या आधारे शिलारसाचा शोध

इटलीतील नेपल्स शहराच्या पश्चिमेला, समुद्राला लागून, पोत्सुओली हे बंदराचे शहर वसलेले आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या जुन्या बंदराचा तळ इतका वर आला आहे, की जिथे पूर्वी मासेमारीच्या लहान होड्या तरंगत असत तिथे आता गाळ उघडा पडतो. मोजणीच्या भाषेत सांगायचे तर २००५ च्या अखेरीपासून २०२५ च्या मध्यापर्यंत शहराच्या मध्यभागातील जमीन सुमारे १.४ मीटर उचलली गेली आहे. याचा अर्थ खालून काहीतरी तिला रेटते आहे. ते वर सरकणारा शिलारस, म्हणजे मॅग्मा, आहे की खोलवरच्या शिलारसातून सुटलेले वायू आणि त्यांनी तापवलेले पाणी व वाफ आहे, हा या प्रकरणातील कळीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या उत्तरावर फार मोठे निर्णय अवलंबून आहेत. उद्रेकाचा धोका धरून आखलेल्या 'लाल क्षेत्रात' सुमारे पाच लाख माणसे राहतात आणि उद्रेकाची चिन्हे दिसल्यास त्यांना ७२ तासांत बाहेर काढण्याची योजना इटलीच्या नागरी संरक्षण विभागाने तयार ठेवलेली आहे. रेटा वाफेचा असेल, तर धोका मुख्यतः उथळ भूकंपांचा आणि जुन्या घरांच्या भिंतींचा आहे. शिलारस दोन-तीन किलोमीटरपर्यंत येऊन थांबलेला असेल, तर सगळ्या परिसराचाच विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो. जमिनीच्या वर उभे राहून या दोन शक्यतांमध्ये फरक करण्याची जी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांत भूकंपलहरी सर्वांत खोलवर पोहोचतात. त्यांनी इथे काय दाखवले, काय दाखवले नाही आणि त्यांच्या वाचनात तज्ज्ञांचे कुठे मतभेद झाले, याचा हा आढावा आहे.

जागा आणि तिचा इतिहास

पोत्सुओली ज्या ज्वालामुखीवर वसले आहे त्याला काम्पी फ्लेग्रेई, म्हणजे 'जळती शेते', असे नाव आहे. व्हेसुव्हियससारखा एखादा सुळका इथे दिसत नाही, आणि त्यामुळेच नवख्या माणसाला आपण ज्वालामुखीत उभे आहोत हे कळतही नाही. सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड उद्रेकात आणि नंतर सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या मोठ्या उद्रेकात जमिनीखालचा शिलारस बाहेर पडला आणि वरचे छत खाली कोसळले. त्यातून १२ ते १५ किलोमीटर रुंदीचा खोलगट भाग तयार झाला. अशा खोलगट भागाला कॅल्डेरा म्हणतात. त्याचा साधारण एक तृतीयांश भाग पोत्सुओलीच्या आखाताखाली बुडालेला आहे आणि उरलेल्या भागावर पोत्सुओली, बान्योली, आन्यानो यांसारख्या वस्त्या आणि नेपल्सचे पश्चिमेकडील विभाग उभे आहेत.

शेवटचा उद्रेक १५३८ मध्ये झाला. २९ सप्टेंबरला सुरू झालेला हा उद्रेक साधारण आठवडाभर चालला आणि तेवढ्या काळात सुमारे १३० मीटर उंचीची एक नवी टेकडी उभी राहिली. तिचे नावच मोन्ते नुओव्हो, म्हणजे 'नवा डोंगर', असे पडले. त्या उद्रेकाआधी कित्येक वर्षे किनारा वर येत होता, हे समकालीन नोंदींतून कळते.

इथली जमीन खालीवर होते याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा मात्र त्याहूनही जुना आहे. पोत्सुओलीत रोमन काळातील एका बाजाराचे अवशेष आहेत. १७५० मध्ये उत्खनन झाले तेव्हा तिथे सेरापिस देवाची मूर्ती मिळाल्यामुळे त्याला दीर्घकाळ मंदिरच समजले गेले. तिथल्या तीन उभ्या संगमरवरी खांबांवर तळापासून सुमारे १२ फुटांच्या वर, जवळपास ९ फूट रुंदीच्या पट्ट्यात, दगड पोखरणाऱ्या सागरी शिंपल्यांनी केलेली छिद्रे आहेत. याचा अर्थ बाजार बांधल्यानंतर जमीन इतकी खचली की खांब समुद्रात बुडाले, आणि पुढे ती पुन्हा वर आली. एवढे होऊनही खांब उभेच राहिले. १९व्या शतकातील भूवैज्ञानिकांनी या छिद्रांवर खूप लिहिले आहे. या संथ हालचालीला स्थानिक लोक 'ब्रादिसिस्मो' म्हणतात. ग्रीक शब्दांवरून बनलेल्या या संज्ञेचा अर्थ 'संथ हालचाल' असा आहे, आणि पोत्सुओलीत हा शब्द लहान मुलांनाही माहीत असतो.

१९८३ : प्रश्न पहिल्यांदा तातडीचा झाला

१९५० ते १९५२ या काळात जमीन पाऊण मीटरच्या आसपास उचलली गेली, पण तेव्हा मोजमापाची साधने तुटपुंजी होती. १९६९ ते १९७२ या काळात ती पुन्हा सुमारे १.७ मीटर वर आली. २ मार्च १९७० रोजी रिओने तेर्रा हा पोत्सुओलीचा सर्वांत जुना, टेकडीवरचा भाग रिकामा करण्यात आला आणि तिथल्या सुमारे ३,००० रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्यांपैकी बहुतेकांना तिथे परत जाता आले नाही.

१९८२ मध्ये तिसरा टप्पा सुरू झाला. दोन वर्षांत जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, त्यासोबत हजारो भूकंप झाले आणि ४ ऑक्टोबर १९८३ रोजी ४.० तीव्रतेचा धक्का बसला. त्या शरद ऋतूत शहराच्या मध्यभागातून सुमारे ४०,००० लोकांना हलवण्यात आले. १ एप्रिल १९८४ रोजी तर सहा तासांच्या आत ५०० हून अधिक धक्के नोंदले गेले. उद्रेक झाला नाही. १९८४ च्या अखेरीस हालचाल थांबली आणि पुढच्या वीस वर्षांत जमीन हळूहळू सुमारे ९० सेंटिमीटर खाली बसली.

हलवलेल्या लोकांसाठी मोन्तेरुशेल्लो ही नवी वसाहत बांधली गेली. ती याच कॅल्डेऱ्यात आहे. उद्रेक झाला नाही म्हणून तेव्हाचा निर्णय चुकीचा होता असे अनेकांनी नंतर म्हटले, पण मला तसे वाटत नाही. त्या वेळी घरे खरोखरच राहण्यालायक उरली नव्हती, आणि खाली काय आहे हे सांगणारी जी माहिती आज आपल्याकडे आहे तिच्यातील फारच थोडी त्या वेळी होती. या पुढच्या शोधाचा बराचसा कच्चा माल मात्र त्याच दोन वर्षांनी दिला. व्हेसुव्हियस वेधशाळेने आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने तेव्हा नोंदवलेल्या लहरी चाळीस वर्षांनंतरही पुन्हा पुन्हा तपासल्या जात आहेत.

लहरी नेमके काय मोजतात

भूकंप झाला की खडकातून दोन प्रकारच्या लहरी आतून प्रवास करतात. पी-लहर खडकाला दाबत आणि ताणत पुढे जाते व आधी पोहोचते. एस-लहर खडकाला आडवे हलवत जाते आणि मागून येते. आडवे हलवल्यावर पूर्वस्थितीला येण्याची ताकद द्रवात नसते, म्हणून एस-लहर द्रवातून जाऊच शकत नाही. घट्ट, थंड खडकात पी-लहरीचा वेग एस-लहरीच्या साधारण १.७३ पट असतो. खडक अंशतः वितळलेला असेल, किंवा त्याच्या भेगांत पाणी असेल, तर एस-लहर पी-लहरीपेक्षा जास्त मंदावते आणि हे गुणोत्तर वाढते. भेगांत पाण्याऐवजी वायू असेल तर पी-लहरच अधिक मंदावते आणि गुणोत्तर घटते. याशिवाय तापलेला, अर्धवट वितळलेला खडक लहरीतील बारीक, जलद कंपने गिळून टाकतो. त्यामुळे एखाद्या केंद्रावर आलेली लहर गुळगुळीत आणि बोथट दिसली, तर ती वाटेत अशा भागातून आली असावी असा तर्क करता येतो.

एकाच केंद्रावरची एक नोंद यांतले काहीच ठामपणे सांगत नाही. शेकडो भूकंपांच्या लहरी डझनावारी केंद्रांवर वेगवेगळ्या दिशांनी येतात, एकमेकींच्या वाटा छेदतात, आणि कोणत्या वाटेवर किती उशीर झाला हे जुळवत गेल्यावर जमिनीखालच्या वेगांचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. वैद्यकीय सीटी स्कॅनशी त्याची तुलना नेहमी केली जाते. ती उपयोगी आहे, पण एका बाबतीत फसवी आहे. सीटी स्कॅनमध्ये किरण कुठून सोडायचे हे तंत्रज्ञ ठरवतो. इथे लहरी कुठून निघतील हे जमीन ठरवते.

काम्पी फ्लेग्रेईत हीच अडचण निर्णायक ठरते. इथले जवळजवळ सगळे भूकंप ४ किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर होतात, कारण त्याखालचा खडक इतका तापलेला आहे की तो तुटत नाही, संथपणे वाहतो. म्हणजे स्थानिक भूकंपांच्या लहरी वरच्या ४ किलोमीटरांचे चित्र चांगले उजळतात आणि ज्या खोलीवर मोठा साठा असण्याची शक्यता सर्वाधिक, तो भाग नेमका त्यांच्या खाली राहतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे अक्षरशः आहे.

समुद्रातून केलेला प्रयोग

अंधारातल्या भागासाठी दिवा बाहेरून आणावा लागला. सप्टेंबर २००१ मध्ये नेपल्स आणि पोत्सुओलीच्या आखातांत 'सेरापिस' हा प्रयोग करण्यात आला. नाव अर्थातच त्या खांबांच्या देवाचे आहे. एका जहाजाने ठरावीक अंतरांवर दाबलेल्या हवेचे हजारो स्फोट पाण्यात केले, आणि त्यांच्या लहरी समुद्रतळावर ठेवलेल्या व जमिनीवर मांडलेल्या भूकंपमापकांनी टिपल्या. स्फोटाची जागा आणि क्षण दोन्ही अचूक माहीत असल्यामुळे नैसर्गिक भूकंपात असलेली मोठी अनिश्चितता इथे उरत नाही.

पहिला निष्कर्ष कॅल्डेऱ्याच्या कडेविषयी होता. साधारण ८०० ते २,००० मीटर खोलीवर घट्ट खडकाचे एक कडे सापडले, आणि समुद्राखाली झाकलेली कॅल्डेऱ्याची दक्षिण कड प्रथमच स्पष्ट झाली. हे काम नेपल्स विद्यापीठातील आल्दो झोल्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे होते. याच गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा निष्कर्ष या प्रकरणाचा कणा आहे.

त्यांनी सरळ येणाऱ्या लहरींऐवजी खोलवरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरी शोधल्या. घट्ट खडक आणि वितळलेला थर यांच्या सीमेवर पी-लहर आदळली की तिचा काही भाग पी-लहर म्हणूनच परततो आणि काही भाग एस-लहर होऊन परततो. या दोन परतणाऱ्या लहरींची वेळ सीमेची खोली सांगते आणि त्यांच्या जोराचे परस्पर प्रमाण सीमेखाली घन आहे की द्रव, याविषयी सांगते. या विश्लेषणातून सुमारे ७.५ किलोमीटर खोलीवर मंद वेगाचा एक विस्तीर्ण, चपटा थर आढळला. त्याचे क्षेत्रफळ किमान ३० चौरस किलोमीटर असावे आणि त्यात वितळलेल्या खडकाचे प्रमाण बरेच असावे, असे त्यांनी दाखवले. त्याच अभ्यासात सुमारे ३ किलोमीटर खोलीवरही एक परावर्तक सीमा दिसली, पण तिची लक्षणे शिलारसाची नव्हती. भेगाळलेल्या, वायू व पाण्याने भरलेल्या खडकाची होती.

७.५ किलोमीटर हा आकडा एकटा उभा नाही. त्याआधी २००१ मध्ये व्हेसुव्हियसखालीही अशाच रीतीने, पी-लहरीचे एस-लहरीत रूपांतर होण्यावरून, सुमारे ८ किलोमीटर खोलीवर किमान ४०० चौरस किलोमीटर पसरलेला वितळलेला थर आढळला होता. नेपल्सच्या पूर्वेचा आणि पश्चिमेचा, असे दोन्ही ज्वालामुखी जवळपास सारख्याच खोलीवरच्या थरांतून पोसले जात असावेत, ही शक्यता त्यामुळे गांभीर्याने मांडली गेली. शेजारच्या दोन ज्वालामुखींखाली एकाच प्रकारचा पुरावा जवळजवळ एकाच खोलीवर मिळणे, हे मला या शोधातले सर्वांत भक्कम टेकू वाटते.

उथळ भागाचा वाद

खोलवर शिलारस आहे, याविषयी आज फारसा वाद नाही. वाद आहे तो वरच्या ४ किलोमीटरांचा. धोक्याचा तातडीचा भागही तोच आहे, म्हणून तिथे थोडे थांबले पाहिजे.

१९८३-८४ च्या नोंदींवरून रिचर्ड ॲस्टर आणि रॉबर्ट मेयर यांनी १९८८ मध्ये पोत्सुओलीखालच्या वेगांचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला. शहराखाली उथळ भागात पी-लहरीचा वेग कमी आणि गुणोत्तर जास्त आढळले. वितळलेल्या खडकाचीही खूण तीच असते, पण इतक्या कमी खोलीवर, भोवतालच्या विहिरींची माहिती हाताशी असताना, पाण्याने भरलेला भेगाळ खडक हे अधिक साधे उत्तर होते आणि त्यांनी तेच दिले.

१९९२ मध्ये दुसऱ्या एका गटाने सुमारे ४ किलोमीटर खोलीवरील सीमेवर पी-लहरीचे एस-लहरीत रूपांतर होत असल्याचे दाखवले आणि ती सीमा म्हणजे शिलारसाच्या साठ्याचे छत होय, असा अर्थ लावला. जवळपास दशकभर हे वाचन प्रभावी राहिले. मग २००५ मध्ये तित्सियाना व्हानोरिओ आणि सहकाऱ्यांनी १९८४ च्याच भूकंपांच्या वेळा नव्या पद्धतीने तपासल्या आणि त्यांना प्रयोगशाळेतील खडकांच्या चाचण्यांची जोड दिली. ३ ते ४ किलोमीटर खोलीवर त्यांना गुणोत्तर वाढलेले नव्हे, तर घटलेले आढळले. घटलेले गुणोत्तर म्हणजे वायू. ज्या जागी शिलारसाचे छत समजले जात होते तिथे अतिशय दाबाखालचे वायू साठलेले असावेत आणि सुमारे ४ किलोमीटरपर्यंत मोठा शिलारससाठा नसावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

इथे थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. जमीन तीच, भूकंप तेच आणि तरी उत्तर बदलले, कारण लहरी कधीच 'शिलारस' असे नाव सांगत नाहीत. त्या फक्त वेग, परावर्तन आणि क्षीणता सांगतात, आणि त्यांवरून पदार्थाचे नाव ठरवताना खडकाच्या गुणधर्मांची माहिती बाहेरून आणावी लागते. म्हणून केवळ लहरींच्या चित्रावर तांबड्या रंगाचा डाग पाहून 'शहराखाली शिलारस सापडला' असे म्हणणाऱ्या बातम्या वाचताना मला अस्वस्थ वाटते. तो डाग मंद वेगाचा असतो, एवढेच त्याच्याविषयी निश्चित असते.

बाहेरून आणलेली माहिती इथे सुदैवाने बरीच आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत भूऔष्णिक ऊर्जेच्या शोधात मोफेते आणि सान व्हितो इथे खोल विहिरी खणल्या गेल्या. सान व्हितोच्या विहिरीत ३ किलोमीटरच्या आसपास तापमान ४०० अंश सेल्सियसच्या वर गेले, पण शिलारस लागला नाही. २०१५ मध्ये व्हानोरिओ यांनीच विहिरींतील खडकांचे नमुने तपासून दाखवले की कॅल्डेऱ्याच्या वरच्या भागातील एक थर तंतुमय खनिजांमुळे विलक्षण चिवट झाला आहे, आणि त्याची जडणघडण रोमन काँक्रीटशी मिळतीजुळती आहे. रोमन लोक काँक्रीटमध्ये जी राख घालत तिचे 'पोत्सोलाना' हे नाव पोत्सुओलीवरूनच आले आहे, त्यामुळे हा योगायोग नाही. राख तीच, चुन्याशी होणारी तिची प्रक्रियाही तीच, फक्त एकदा ती माणसाने घडवली आणि एकदा जमिनीने. या चिवट झाकणाखाली वाफ आणि वायू कोंडले जातात, झाकण ताणले जाते, पण लगेच फुटत नाही. १.८ मीटर उचलले जाऊनही १९८४ मध्ये काहीच का फुटले नाही, याचे हे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. २०२५ मध्ये त्यांच्या गटाने याच धाग्याने पुढे जाऊन, झाकणाखाली साठणाऱ्या पाण्याचा दाब हेच या वारंवार होणाऱ्या हालचालींचे मुख्य कारण असावे आणि पाण्याचा निचरा नियंत्रित करण्याचा विचार व्हावा, असे मांडले.

सगळे तज्ज्ञ याला राजी नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील ख्रिस्तोफर किलबर्न आणि इटालियन सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवले की १९५० पासूनचे ताण एकमेकांत मिळत गेल्याने कवच अधिक दुर्बल झाले आहे आणि ते पूर्वीपेक्षा कमी दाबाला फुटू शकते. त्यांच्या मते दाब देणारा पदार्थ कोणताही असो, कवचाची सहनशक्ती हा वेगळा आणि तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. वायूंचा अभ्यास करणारे तज्ज्ञ सोल्फातारा आणि पिश्शारेल्ली इथल्या, जमिनीतून वाफ आणि वायू सोडणाऱ्या नैसर्गिक धुरांड्यांतून रोज बाहेर पडणाऱ्या हजारो टन कार्बन डायऑक्साइडकडे बोट दाखवतात. एवढ्या वायूचा मोठा भाग अखेर शिलारसातूनच येत असावा. हे तिन्ही पुरावे एकत्र ठेवले तर माझ्या मते आज सर्वांत समर्थनीय चित्र असे आहे : पोसणारा शिलारस खोलवर आहे, रेटणारा पदार्थ मुख्यतः त्यातून सुटलेला वायू आणि तापलेले पाणी आहे, आणि मधल्या टापूत शिलारसाचे लहान झिरपे शिरले असण्याची शक्यता लहरींनी नाकारलेली नाही.

न दिसणारा शिलारस

ही शेवटची शक्यता सहज म्हणून नोंदवलेली नाही. लहर आपल्या तरंगलांबीपेक्षा फार लहान वस्तू पाहू शकत नाही. सेकंदाला ५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आणि सेकंदाला ५ कंपने असलेल्या लहरीची तरंगलांबी १ किलोमीटर होते. अनुकूल परिस्थितीतही तिच्या चौथ्या हिश्श्याहून, म्हणजे २५० मीटरहून, पातळ थर तिला धड दिसत नाही. दूरच्या मोठ्या भूकंपांच्या लहरी आणखी लांब असतात. त्यांना शहराएवढे साठे दिसतात, पण एखादी उभी, दहा-वीस मीटर रुंदीची शिलारसाची भिंत मुळीच दिसत नाही.

आइसलंडमधील क्राफ्ला इथे २००९ मध्ये हे प्रत्यक्षात घडले. भूऔष्णिक विहीर ४ किलोमीटरहून खोल नेण्याचा बेत होता, पण सुमारे २.१ किलोमीटरवरच ड्रिल वितळलेल्या ऱ्हायोलाइटमध्ये, म्हणजे सिलिकाचे प्रमाण जास्त असलेल्या शिलारसात, शिरले. क्राफ्ला हा जगातील सर्वाधिक अभ्यासलेल्या ज्वालामुखींपैकी एक आहे, तरीही तिथल्या सर्वेक्षणांनी त्या जागी शिलारसाची सूचना दिली नव्हती. क्राफ्लाभोवती दाट वस्ती नाही. पोत्सुओलीखाली असाच लहान साठा असेल तर तो केवळ एका चित्रावरून सापडेल अशी अपेक्षा करणे चुकीचे ठरेल.

शहराचा गोंगाट आणि ५४,००० भूकंप

शहराखाली पाहायचे म्हणजे शहराच्या गोंगाटातून पाहायचे. रस्त्यांवरची वाहने, लोकल गाड्या, कारखाने, बंदर आणि आखाताच्या लाटा जमीन सतत हलवत असतात. त्यामुळे दिवसा होणारे लहान भूकंप नोंदींत हरवतात आणि रात्री भूकंप जास्त होतात असा आभास निर्माण होतो. यावर दोन उपाय आहेत. यंत्रे विहिरींत खाली उतरवणे हा एक, आणि नोंदींतून लहरींची पहिली चाहूल ओळखण्याचे काम प्रशिक्षित संगणकप्रणालीकडे देणे हा दुसरा.

दुसऱ्या उपायाचे फळ २०२५ मध्ये दिसले. स्टॅनफर्ड विद्यापीठ, इटलीची राष्ट्रीय भूभौतिकी व ज्वालामुखीविज्ञान संस्था आणि नेपल्स विद्यापीठ यांच्या संशोधकांनी जानेवारी २०२२ ते मार्च २०२५ या काळातील नोंदी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुन्हा तपासल्या. नेहमीच्या पद्धतीने सुमारे १२,००० भूकंप हाती लागले होते. या पद्धतीने ५४,००० हून अधिक मिळाले. पूर्वी ठिपक्यांचे विस्कळीत पुंजके दिसत होते तिथे आता रेषा दिसू लागल्या, आणि उचलल्या जाणाऱ्या भागाला वेढणारे एक वर्तुळाकार प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकतो ती भेग, स्पष्ट झाला. या भंगाची लांबी किती आहे यावरून इथला भूकंप जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो याचा अंदाज बांधता येतो, म्हणून नगररचनेसाठी या शोधाचे मोल मोठे आहे. शिलारसाच्या दृष्टीने पाहिले तर भूकंपांची केंद्रे खालून वर सरकत असल्याचे, म्हणजे शिलारस वाट फोडत वर येत असल्याचे, लक्षण या यादीत आढळले नाही.

निर्णय कशावर घेतले जातात

डिसेंबर २०१२ मध्ये काम्पी फ्लेग्रेईचा इशारा हिरव्यावरून पिवळ्यावर नेण्यात आला. चार रंगांच्या क्रमात हा दुसरा आहे. पुढे नारिंगी आणि लाल. २० मे २०२४ रोजी ४.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि सुमारे दीड हजार लोकांना घरे सोडावी लागली. १३ मार्च २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर आणि पुन्हा ३० जून २०२५ रोजी ४.६ तीव्रतेचे धक्के बसले. या कोणत्याही धक्क्यानंतर इशाऱ्याचा रंग बदलला नाही. रात्री रस्त्यावर येऊन बसलेल्या माणसाला हे समजून घेणे कठीण जाते आणि त्याचा राग रास्त आहे, पण कारण शास्त्रीय आहे. मोठा धक्का म्हणजे झाकण ताणले जात असल्याची खूण. रंग बदलण्यासाठी आतल्या पदार्थाचे वर्तन बदलल्याची खूण लागते. म्हणूनच ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीच्या सरकारने उद्रेकाच्या योजनेपासून वेगळी, केवळ ब्रादिसिस्मोच्या भूकंपांसाठी, तातडीची तरतूद वटहुकमाने केली. घरांची तपासणी आणि मजबुती हा त्यातील मुख्य भाग आहे. माझ्या मते इथे लहरींच्या अभ्यासाचा सर्वांत थेट उपयोग झाला, कारण दोन धोके वेगळे आहेत हे त्यामुळेच मान्य झाले.

आतल्या पदार्थाचे वर्तन बदलल्याची खूण कोणती, याविषयी वेधशाळेतील आणि बाहेरील तज्ज्ञांत बरीच सहमती आहे. भूकंपांची केंद्रे एका दिशेने सरकू लागणे. भेग तुटल्याच्या कडक, जलद कंपनांऐवजी द्रव हलल्याची संथ, लांबलेली कंपने वाढणे. एकाच वाटेने येणाऱ्या एस-लहरीला आठवड्यागणिक अधिक उशीर होणे. आणि याच काळात उचल एका बाजूला झुकणे व वायूंचे रासायनिक प्रमाण बदलणे. यांतील एकच खूण दिसली तर तिला अनेक अर्थ असतात. दोन-तीन एकदम दिसू लागल्या तर पाणी आणि वाफ हे स्पष्टीकरण टिकत नाही. म्हणून आजचे काम एक उत्तम चित्र काढण्यापेक्षा तेच चित्र वारंवार काढून त्यातील फरक मोजण्याकडे वळले आहे, आणि ते योग्यच आहे. २०० मीटरचा साठा चित्रात दिसला नाही तरी तो येताना भोवतालच्या वेगांत केलेला बदल सापडू शकतो.

यातली सर्वांत मोठी उणीव जागेची आहे. कॅल्डेऱ्याचा जो भाग समुद्राखाली आहे तिथे केंद्रे दीर्घकाळ जवळपास नव्हतीच, आणि ३० जून २०२५ च्या धक्क्यासारखे काही भूकंप किनाऱ्यालगत किंवा आखाताखाली होतात. अलीकडच्या वर्षांत आखातात तरंगत्या बोयांच्या आधाराने समुद्रतळावर भूकंपमापक आणि पाण्याचा दाब मोजणारी यंत्रे बसवण्यात आली आहेत. दाबातील बदलावरून तळ किती उचलला गेला हेही कळते. ही केंद्रे मोजकीच आहेत. खालून येणारी वाट शहराच्या बाजूने न उघडता आखाताच्या बाजूने उघडली, तर एस-लहरींचा पहिला उशीर याच मोजक्या यंत्रांवर नोंदला जाईल.